खिडक्या, बुजलेली बोळ आणि कुजलेली तुळई: फ्रान्समधल्या एका संरक्षित मध्ययुगीन घराची केस

ही केस नैऋत्य फ्रान्समधल्या लोत जिल्ह्यातल्या एका लहान गावातली. मालकांची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, गावाचं नाव पण देत नाहीये, कायदे, मुदती आणि कामाच्या पद्धती मात्र जशा आहेत तशाच. मी जुन्या इमारतींचं काम करणाऱ्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते. हे काम आमच्याकडे आलं तेव्हा फाइलवर विषय होता "खिडक्या बदलणे". ज्या गोष्टीमुळे शेवटी घर वाचलं तिचा खिडक्यांशी काहीच संबंध नव्हता, आणि कुठल्या वळणावर काय ठरलं हे नीट मांडावं असं मला कधीपासून वाटत होतं.

घर आणि गाव

लोत म्हणजे जुना केर्सी प्रांत. काओर आणि फिजाक ही इथली दोन नावाजलेली जुनी शहरं. 13व्या शतकात काओरचे व्यापारी-सावकार पार इंग्लंडपर्यंत पैसा फिरवायचे आणि त्या पैशातून या भागात दगडी घरं उभी राहिली. किल्ले नाहीत, राजवाडे नाहीत, व्यापाऱ्यांची राहती घरं, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. पुढे 1337 ते 1453 या शंभर वर्षांच्या युद्धात या भागाची पार दैना झाली. नंतर जो पैसा आला तो सगळं पाडून नवं बांधण्याइतका बहुतेक घरांच्या वाट्याला कधी आलाच नाही, त्यामुळे लोकांनी जुन्याच भिंतींत नव्या खिडक्या पाडल्या, मजले वरखाली केले, गिलावे चढवले आणि आतलं मध्ययुगीन घर तसंच झाकलेलं राहिलं.

हे घर त्यातलंच. तळमजल्यावर रस्त्याकडे टोकदार दगडी कमानी, म्हणजे मूळची दुकानं, नंतर कधीतरी विटांनी बुजवून एका कमानीत गॅरेजचं शटर बसवलेलं. पहिल्या मजल्यावर मोठी खोली, जुन्या काळात पाहुणे, सौदे, जेवणं सगळं तिथेच व्हायचं. तिथल्या मूळ खिडक्या जोडकमानीच्या, मध्ये बारीक दगडी खांब, पण त्यातली एकच धड राहिलेली, बाकीच्या जागी 18व्या शतकातल्या उंच चौकोनी खिडक्या. त्या एका खिडकीच्या आतल्या बाजूला भिंतीतच घडवलेली दोन दगडी बाकं, त्यांना इथे कुसिएज म्हणतात, उजेडाला बसून शिवण नाहीतर हिशेब करायला. भिंतीत दगडी फळ्यांचे कोनाडे, एका कोपऱ्यात दगडी मोरी, तिचं पाणी भिंतीतून थेट बाहेर. सगळ्यात वर, नळीच्या कौलांखाली, सोलेयो म्हणजे एका बाजूने उघडा माळा, वारं खेळतं राहावं आणि वाळवण घालता यावं म्हणून. तो पण बुजवून वर छोटा फ्लॅट केलेला.

आणि या घराच्या आणि शेजारच्या घराच्या मध्ये आंद्रोन. एक माणूस आडवा होऊनच शिरेल इतकी अरुंद बोळ, दोन्ही घरांच्या मोऱ्यांचं, कौलांचं पाणी वाहून न्यायला. या भागातल्या जुन्या गावांमध्ये अशा बोळा जागोजागी दिसतात. आमच्या ड्रॉइंगवर तिच्या जागी नुसती एक जाड रेघ होती.

संरक्षण किती आणि कशाला

फ्रान्समध्ये ऐतिहासिक वास्तूंचा मुख्य कायदा 31 डिसेंबर 1913 चा. त्यात दोन पातळ्या आहेत, वरची क्लासे आणि खालची आंस्क्री. सगळ्या मिळून देशात सुमारे 45,000 वास्तू संरक्षित आहेत, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास खाजगी मालकीच्या, म्हणजे रोज कोणीतरी तिथे स्वयंपाक करतंय, कपडे वाळत घालतंय. 1943 पासून प्रत्येक संरक्षित वास्तूच्या 500 मीटर परिसरातल्या कामांवरही नजर असते. पुढे 4 ऑगस्ट 1962 च्या मालरो कायद्याने जुने गावठाणाचे भागच्या भाग संरक्षित करायची सोय झाली (त्यातलं पहिलं 1964 साली जुनं ल्यों), आणि 2016 पासून असे भाग नव्या एकाच नावाखाली आणले गेलेत.

आपल्या घराची फक्त रस्त्याकडची दर्शनी भिंत आणि छप्पर आंस्क्री होतं. विकत घेताना मालकांनी कागद वाचला आणि अर्थ लावला की बाहेरचं सरकारचं, आतलं आपलं. हा अर्थ चुकीचा होता, कारण गावाच्या जुन्या भागाला स्वतःचा संरक्षण आराखडा होता आणि अशा आराखड्यात घराच्या आतल्या गोष्टीही येतात, जिने, चुली, तुळया, जुने गिलावे, सगळं. नोटरीकडच्या कागदपत्रांत याचा उल्लेख होता, पण तो जाड बाडात कुठेतरी मध्येच, आणि घर आवडल्यावर माणूस बाड वाचत नाही, की विकत घेतोय ती वस्तू नेमकी किती आपली हे विचारत नाही. मला यात मालकांचा फार दोष वाटत नाही.

मालक आणि त्यांचा प्रश्न

नवरा-बायको, दोघंही रिटायरमेंटच्या आसपास. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर स्वतः राहायचं आणि वरचा फ्लॅट भाड्याने देऊन त्यातून दुरुस्तीचं कर्ज फेडायचं असा त्यांचा हिशेब. इथे ऊर्जा-दाखल्याची गाठ बसली. फ्रान्समध्ये घराला ए ते जी असा ऊर्जा-दर्जा मिळतो आणि 1 जानेवारी 2025 पासून जी दर्जाचं घर नव्याने भाड्याने देता येत नाही, 2028 पासून एफची पाळी. वरचा फ्लॅट जी. म्हणजे भाडं नाही आणि मग कर्जाचं गणितच कोसळतं.

एका ठेकेदाराने सोपा उपाय दिला. सगळ्या खिडक्या काढून दुहेरी काचेच्या नव्या बसवा, आतून सगळ्या बाहेरच्या भिंतींना इन्सुलेशन आणि वर जिप्समचे बोर्ड. अर्ज गेला, नामंजूर होऊन आला. नकार एबीएफच्या मतावरून आलेला. एबीएफ म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यात बसलेले सरकारी वास्तुविशारद, सगळ्या देशात मिळून दोनशेच्या आसपासच असतील, आणि जुन्या गावांत काम करणाऱ्या प्रत्येकाचं त्यांच्याशी कधी ना कधी वाजलेलं असतं. मालकीणबाई आमच्याकडे आल्या त्या प्रचंड चिडलेल्या. त्यांचं म्हणणं एकच, आम्हाला थंडीत कुडकुडत म्युझियममध्ये राहायचं नाहीये.

त्यांचा राग खरा होता हे मी आधीच सांगते. संरक्षण म्हणजे नुसतं "नाही" असं ज्यांना पोस्टाने कळतं त्यांना दुसरं काय वाटणार.

पहिला निर्णय: भांडायचं की बघायचं

आमच्यापुढे तीन रस्ते होते. नकाराविरुद्ध अपील करायचं. किंवा खिडक्यांचं डिझाइन थोडं जुन्या धाटणीचं करून तोच अर्ज पुन्हा टाकायचा, हे बरेच जण करतात आणि कधीकधी चालूनही जातं. किंवा अर्ज बाजूला ठेवून आधी घर नीट तपासायचं.

मालकांचा कल पहिल्याकडे, कारण अपिलाला मुदत असते आणि मुदत सुटली तर हात चोळत बसावं लागेल ही भीती. आमच्या सीनियर आर्किटेक्टने त्यांना एकच विचारलं, पहिल्या मजल्यावर कपाटाचं दार आपोआप उघडतं का? उघडायचं. त्याखाली कागदाची घडी घालून ठेवलेली होती. जमीन बोळीच्या बाजूला उतरत होती, त्या कोपऱ्यात ओलसर वास होता आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्यात पांढरे क्षार फुटून रंगाचे पोपडे निघालेले. यातलं काहीही खिडक्यांमुळे होत नाही. मग तिसरा रस्ता ठरला. अपील सोडून दिलं.

मला हे या केसमधलं सगळ्यात मोठं वळण वाटतं, कारण अपील जिंकलो असतो तर काय झालं असतं हे नंतर उघड झालं. आतून बोर्ड बसले असते, त्यामागे भिंत आणखी कोंडली असती आणि तुळईचं टोक कोणाला न दिसता कुजत राहिलं असतं, मग एक दिवस जमीनच खाली बसली असती.

तपासात काय निघालं

भिंत मूळची दगड आणि चुन्याची. अशा भिंतीत ओल येतच असते, जमिनीतून, पावसातून, स्वयंपाकाच्या वाफेतून, आणि चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडत राहतो, म्हणून भिंत शतकानुशतकं टिकते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोणीतरी बोळीकडच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा जाड थर दिला आणि आतून पण कंबरभर उंचीपर्यंत सिमेंट. हेतू चांगला होता, ओल थांबवायची. पण उन्हाळ्यात प्लास्टिकचा रेनकोट घालून चालावं तसं भिंतीचं झालं, बाहेरचं पाणी बारीक चिरांतून आत येणार आणि आतलं बाहेर पडणार नाही. मग ओल सिमेंट संपतं तिथे वर चढते, आणि सिमेंट संपत होतं ते बरोबर तुळयांच्या टोकांपाशी.

ओकची तुळई भर उजेडात, वाऱ्यात कितीही शतकं टिकते. पण भिंतीत रुतलेलं टोक सतत ओलं राहिलं की बुरशी लागते आणि मग भुंगेरे. बोळीकडच्या बाजूच्या दोन तुळयांची टोकं हाताने चुरा होत होती. बाहेरून रंग लावलेला असल्याने दिसत काहीच नव्हतं, सुताराने टोच्या घातला तो मुठीपर्यंत आत गेला.

पाणी येत कुठून होतं? बोळीतून. बोळीचं तोंड कधीतरी विटांनी बंद केलेलं, आत जुन्या दुरुस्त्यांचा राडारोडा, त्यावर कोणीतरी सिमेंटचा कोबा ओतलेला आणि तोही उलट्या उताराचा. दोन्ही छपरांची पन्हळ त्यातच सुटत होती. म्हणजे दर पावसात दोन घरांच्या मध्ये हौद भरत होता.

दुसरा निर्णय: टेकू

हा निर्णय छोटा होता पण घाईचा. परवानगीची वाट बघत बसायचं की लगेच आधार द्यायचा? आंस्क्री वास्तूवर साध्या देखभालीपलीकडचं काम करायचं तर बांधकाम परवाना लागतो आणि त्याची तपासणी पाच महिन्यांपर्यंत चालते. जमीन पाच महिने थांबेल याची खात्री कोणी देईना. टेकू लावणं हे तात्पुरतं, काढून घेता येणारं काम, त्यामुळे त्याच दिवशी एबीएफच्या ऑफिसला फोटोंसकट ईमेल टाकून दुसऱ्या दिवशी टेकू लावले. त्या ईमेलचा एक परिणाम आम्ही धरलाच नव्हता. एबीएफ बाई स्वतः बघायला आल्या. आतापर्यंत मालकांनी त्यांना फक्त नकाराच्या पत्रावरची सही म्हणून ओळखलेलं, आणि त्या मात्र हातात टॉर्च घेऊन तळघरात उतरल्या, दोन तास घर बघितलं, आणि जाताना म्हणाल्या की खिडक्यांचं नंतर बोलू, आधी ती बोळ उघडा.

संरक्षित वास्तूच्या मालकाला सरकारी तज्ज्ञांचा सल्ला फुकट मिळू शकतो. प्रादेशिक सांस्कृतिक खातं, इथे त्याला ड्राक म्हणतात, आणि एबीएफचं जिल्हा ऑफिस, दोन्हीकडे काम ठरवायच्या आधी जाता येतं. बहुतेक लोक मात्र अर्ज पूर्ण तयार करून, ठेकेदाराला ॲडव्हान्स देऊन मग जातात, आणि तेव्हा दोघांकडेही मागे हटायला जागा उरलेली नसते.

तिसरा निर्णय: बोळ आणि शेजारी

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला. बोळ कोणाची? दोन्ही घरांच्या जुन्या दस्तांमध्ये वेगवेगळं, एकात सामाईक, दुसऱ्यात उल्लेखच नाही. शेजारी एक म्हातारे गृहस्थ, एकटे राहणारे, आणि त्यांना वाटलं की हे नवे लोक संरक्षणाच्या नावाखाली आपली जागा घ्यायला निघालेत. पहिली दोन पत्रं मालकांनी वकिलाकडून पाठवलेली, त्याने तर आगीत तेल.

पर्याय असे. एक, कोर्टात मालकी ठरवून घ्यायची, म्हणजे काही वर्षं. दोन, आपल्या बाजूच्या भिंतीवरचं सिमेंट आतून काढायचं आणि बोळ तशीच सोडायची, म्हणजे रोग तसाच ठेवून मलमपट्टी. तीन, मालकीचा प्रश्न न सोडवता फक्त पाण्याचा प्रश्न सोडवायचा, दोघांनी सही करून.

तिसरं जमलं ते मालकीणबाईंच्या मिस्टरांमुळे. ते वकिलाला बाजूला ठेवून स्वतः शेजाऱ्यांकडे गेले, बोळीबद्दल एक शब्द न काढता विचारलं की मस्यू, तुमच्या जिन्याखालच्या भिंतीला पण पांढरे क्षार येतात का हो? येत होते. त्यांच्या तुळया पण तपासून देतो म्हणाले, आमचा सुतार आलेलाच आहे. त्यांच्याकडेही एक टोक मऊ झालेलं निघालं. मग एका पानाचा करार झाला, बोळ मोकळी करायची, उतार रस्त्याकडे, दोन्ही पन्हळींना पाइप, खर्च वाटून, मालकीबद्दल दोघांचेही हक्क अबाधित. राडारोडा हातानेच काढावा लागला, आत यंत्र जाणं शक्यच नव्हतं, आणि पुरातत्त्व विभागाला आधी कळवलेलं कारण अशा बोळांत शतकांचा कचरा असतो आणि कचरा म्हणजे माहिती. खालच्या थरात खापरं निघाली, त्यांची नोंद झाली.

एका गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं. ही बोळ कुठल्याच संरक्षणाच्या यादीत नव्हती. दर्शनी भिंतीचा एकेक दगड नोंदलेला, आणि ज्या बोळीवर ती भिंत जिवंत राहते तिचा उल्लेख सुद्धा नाही. यादी करणाऱ्यांना दिसतं ते रस्त्यावरून, आणि घर मरतं ते मागून.

चौथा निर्णय: तुळईचं काय करायचं

तीन पर्याय खरंच तोडीस तोड होते.

पूर्ण नवी तुळई. ठेकेदाराला सोपी, हमी देता येते. पण लाकडाच्या वाढीच्या वर्तुळांवरून वय काढलं तेव्हा तुळया घराच्या मूळ बांधकामाच्याच काळातल्या निघाल्या, मग पूर्ण बदलणं म्हणजे घराचा जन्मदाखला फेकून देणं.

रेझिनचं कृत्रिम टोक. कुजलेला भाग कापून काचतंतूच्या सळया घालून इपॉक्सी ओततात. कमी लाकूड जातं, काम झटपट होतं. पण रेझिनला ओल सोडता येत नाही, आणि आपल्या भिंतीचा सगळा आजारच ओल न सुटण्याचा. शिवाय पुढे कोणाला ते काढायचं म्हटलं तर तुळई फोडावी लागेल.

ओकचं कलम. कुजलेला भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचं नवं टोक लांब तिरक्या सांध्याने जोडायचं, ओकच्या खुंट्यांनी पक्कं करायचं. महाग, आणि असा सुतार मिळायला वेळ.

आम्ही कलम घेतलं, सोबत सांध्याखाली एक स्टीलची पट्टी, दिसेल अशी, लपवली नाही. नव्या टोकाभोवती भिंतीत थोडी पोकळी ठेवली, टोक दगडी पाटावर टेकतं पण बाजूंनी वारं लागतं. मालकीणबाईंना ती पट्टी आवडली नव्हती, जुन्या लाकडात काळं लोखंड कशाला म्हणाल्या. सुताराने सांगितलं की शंभर वर्षांनी जो कोणी हे दुरुस्त करेल त्याला कळायला पाहिजे मी काय केलं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पुढे पाहुण्यांना ती पट्टी त्याच दाखवायला लागल्या.

पाचवा निर्णय: आता खिडक्या

खिडक्यांवर परत आलो तेव्हा सगळ्यांचा सूर बदललेला होता. एक मोह मात्र नव्याने आला, आणि तो आमच्या बाजूने. एक जोडकमान शाबूत आहे, बाकीच्यांच्या कडा गिलाव्याखाली सापडल्या, मग 18व्या शतकातल्या खिडक्या काढून सगळी ओळ मध्ययुगीन करायची का? फोटोत फार सुंदर दिसलं असतं.

या भागात याचं मोठं उदाहरण समोरच आहे. सें-आंतोनें-नोब्ल-व्हाल गावातलं 12व्या शतकातलं रोमनेस्क (गोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतलं) घर, फ्रान्समधल्या सर्वात जुन्या नागरी इमारतींपैकी एक. 1840च्या दशकात व्हिओले-ल-द्युक या 19व्या शतकातल्या प्रसिद्ध फ्रेंच वास्तुविशारदाने त्याची दुरुस्ती केली आणि शेजारी इटालियन धाटणीचा मनोरा आपल्या कल्पनेने उभारला. आज तो मनोरा गावाची ओळख आहे, आणि मध्ययुगीन किती, 19व्या शतकातलं किती हे बघणाऱ्याला सांगावं लागतं. 1964 ची व्हेनिस सनद म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, तिचं नववं कलम म्हणतं की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि अकरावं म्हणतं की प्रत्येक काळाने केलेल्या भरीचा मान ठेवायचा. आमच्याकडे कमानींच्या कडा होत्या, पण मधले खांब कसे होते, त्यांच्या डोक्यावर कोरीवकाम होतं की नाही, काहीच माहीत नव्हतं. म्हणून 18व्या शतकातल्या खिडक्या ठेवल्या, जुन्या कमानींच्या कडा गिलाव्यात हलक्याशा उघड्या ठेवल्या. मला हे पटतं. त्या उंच खिडक्यांमागे पण अडीचशे-तीनशे वर्षं कोणीतरी जगलेलं आहे.

थंडीचं काय? 18व्या शतकातल्या लाकडी चौकटी दुरुस्त केल्या (रंगात शिसं निघालं, ते काढायला वेगळी काळजी), आणि आतल्या बाजूला दुसरी स्वतंत्र काचेची खिडकी बसवली, बाहेरून दिसत नाही, कधीही काढता येते. जोडकमानीच्या खिडकीत मूळ काच नव्हतीच, अशा खिडक्या मध्ययुगात बहुतेक आतल्या लाकडी झडपांनी, फार तर तेल लावलेल्या कापडाने बंद व्हायच्या, म्हणून तिथे आतली काच कुसिएजच्याही मागे, खोलीच्या बाजूला घेतली. बसायची जागा थंडीत काचेपलीकडे जाते, उन्हाळ्यात उघडते. एबीएफ बाईंनी हे ड्रॉइंग पहिल्या बैठकीतच मान्य केलं. आधीच्या अर्जात जे हवं होतं त्यातलं बरंचसं, म्हणजे ऊब आणि शांतता, मालकांना मिळालंच.

भिंतीवरचा रंग

हे कोणी शोधत नव्हतं. पहिल्या मजल्यावर आतलं सिमेंट हळूहळू काढताना वरच्या बाजूला, सिमेंट पोचलं नव्हतं तिथे, चुन्याच्या अनेक थरांखाली लाल गेरूच्या रेघा दिसल्या. पांढऱ्या पार्श्वभूमीवर घडीव दगडांचे सांधे रंगवलेले, मध्ये छोटी फुलं. 13व्या-14व्या शतकातल्या घरांत ही सजावट बरीच सापडते, खऱ्या भिंतीवर अजून रेखीव भिंत रंगवायची हौस. काम तिथेच थांबवलं, ड्राकला कळवलं, भित्तिचित्रांची दुरुस्ती करणारी तज्ज्ञ आली आणि तिने आधी छोटे छोटे चौकोन थराथराने उघडून किती शिल्लक आहे ते बघितलं.

सगळं उघडायचं की झाकून ठेवायचं? सगळं उघडणं म्हणजे महिनोन्महिने स्काल्पेलने काम, खर्च मोठा, आणि भिंत अजून वाळत होती, वाळताना क्षार वर येतात आणि उघडा रंग ढकलून पाडतात. निर्णय असा झाला की एक पट्टा, दाराच्या बाजूचा, उघडून पक्का करायचा, बाकी चुन्याच्या थराखालीच राहू द्यायचं, नकाशावर नोंद करून. झाकलेलं म्हणजे हरवलेलं नाही. त्या भिंतीवर इन्सुलेशन पूर्ण रद्द. बाकीच्या, कोऱ्या निघालेल्या बाहेरच्या भिंतींना चुना आणि भांगाच्या काड्यांचा जाड गिलावा, तो ओल सोडतो आणि भिंतीचा गारठा पण मोडतो. छपराखाली लाकडाच्या तंतूंचं इन्सुलेशन, खरी उष्णता जाते ती तिथूनच.

पैसा

आंस्क्री वास्तूच्या दुरुस्तीला सरकार अनुदान देऊ शकतं, कायद्याने जास्तीत जास्त 40 टक्के, हातात पडतं ते बहुतेक वेळा बरंच कमी. इथे ते संरक्षित भागापुरतं, म्हणजे दर्शनी भिंत आणि कौलांपुरतं मिळालं. बोळीला काही नाही, तुळयांना काही नाही. टॅक्समध्ये सवलत असते, त्यासाठी घर 15 वर्षं ठेवायची हमी द्यावी लागते, आणि सवलत वाढवायची तर घर ठराविक दिवस लोकांना बघायला खुलं ठेवावं लागतं, वर्षातले 50 दिवस, किंवा जुलै ते सप्टेंबर 40. मालकांना ते नको होतं आणि मला ते समजतं. सप्टेंबरच्या वारसा-दिवसांना, जे फ्रान्सने 1984 मध्ये सुरू केले, त्या दोन दिवसांत मात्र ते घर उघडतात.

आता काय स्थिती आहे

बोळीकडची भिंत बाहेरून सिमेंट काढून चुन्यात परत केली. ती वाळायला वेळ लागतोय, इतक्या जाडीच्या भिंतीला वर्षं लागतात हे सुरुवातीलाच सांगितलेलं असल्यामुळे कोणी वैतागलं नाही. भिंतीत ओल मोजायचे सेन्सर ठेवलेत, आकडे खाली येताहेत. तुळया स्थिर आहेत, टेकू काढले. वरच्या फ्लॅटचा दर्जा छपराच्या इन्सुलेशनने आणि आतल्या खिडक्यांनी सुधारला आणि तो भाड्याने गेला. दर्जा सुधारला नसता तरी एक वाट होती. वारसा संरक्षणामुळे एखादं काम सरकारी परवानगीअभावी करताच येत नसेल तर भाड्याच्या नियमात त्याची दखल घेतली जाते, पण त्यासाठी नकाराचं लेखी पत्र हातात लागतं. म्हणजे ज्या पत्रावर मालकीणबाई चिडल्या होत्या ते जपून ठेवायचं पत्र होतं.

वेगळं काय करता आलं असतं

घर विकत घेण्याआधी एक तपासणी, जुन्या इमारतींची माहिती असलेल्या माणसाकडून. सौद्याच्या वेळचे सक्तीचे दाखले शिसं, ॲसबेस्टॉस, वीज, ऊर्जा वगैरे सांगतात, तुळईचं टोक कोणी टोचून बघत नाही. ते आधी कळलं असतं तर किंमत तरी कमी झाली असती.

पहिल्या अर्जाआधी एबीएफची भेट. ठेकेदाराला दिलेला ॲडव्हान्स वाचला असता, आणि वर्ष पण.

शेजाऱ्यांना वकिलाचं पत्र जायलाच नको होतं. त्या दोन पत्रांमुळे गेलेले महिने म्हणजे बोळीत पाणी साठण्याचा अजून एक पूर्ण हिवाळा.

सिमेंट काढायच्या आधी भिंतीचे छोटे नमुना-चौकोन उघडून बघायला हवे होते. या वेळी रंगवलेला भाग सिमेंटच्या वर होता म्हणून वाचला, खाली कंबरेच्या उंचीपर्यंत काय होतं ते सिमेंटनेच आधी खाल्लेलं होतं की काढताना गेलं, हे आता सांगता येणार नाही. पुढच्या प्रत्येक घरात हा क्रम उलटा असावा, आधी चौकोन, मग छिन्नी, याबद्दल मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

आणि एक प्रश्न अजून उघडा आहे. रंग सापडल्यावर ड्राकने सुचवलंय की संरक्षण दर्शनी भिंतीपुरतं न ठेवता पूर्ण घराला, बोळीसकट, लागू करावं. प्रस्ताव प्रादेशिक वारसा समितीपुढे जाईल. मिस्टरांचा होकार आहे, कारण मग आतल्या कामांना पण अनुदानाचा दरवाजा उघडतो. मालकीणबाई अजून ठरवताहेत, त्यांना आधी लेखी हवंय की पोटमाळ्यावरचा नवा नळ बदलायला प्रत्येक वेळी पाच महिने लागणार नाहीत. असल्या साध्या देखभालीला लागत नाहीत, पण ते त्यांना कागदावर मिळायला हवं, आणि आम्ही सध्या तोच कागद तयार करतोय.